रेंज एक काडी, मोटर साडेसात एचपी

आमच्या मोटरीला मोबाईल नंबर आहे. माझ्या फोनमध्ये तो ‘नदी’ या नावानं सेव्ह केलाय, सासूबाईंच्या बटणांच्या फोनवर तो २ च्या बटणाला लावून दिलाय. गेल्या चौदा महिन्यांत माहेरी केले नसतील एवढे फोन मी या नदीला केलेत. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा हक्क मला आहे.

वस्तू काय ते आधी सांगते. स्टार्टरच्या शेजारी बसणारी, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी पेटी. आत एक सिमकार्ड. आपण फोन लावायचा, ती उचलते, मोटर चालू आहे की बंद ते मराठीत सांगते. १ दाबलं की चालू, ३ दाबलं की बंद. नेट लागत नाही, ॲप नाही, स्मार्टफोनही लागत नाही. आमच्याकडं सगळे हिला ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणतात. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका अरुंद दुकानातून घेतली. पेटी ५,२०० रुपये, लांब वायरीचा अँटेना ४५०, बसवणावळ ६००. जुना स्टार्टर तसाच ठेवला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं मी थोडी भांडणार पण आहे.

मी धामणी खोऱ्यातली. कोल्हापुरातून गगनबावड्याच्या रस्त्यानं कळ्यापर्यंत यायचं आणि म्हासुर्लीकडं आत वळायचं. दोन्ही अंगाला डोंगर, मधून नदी. उन्हाळ्यात नदीत पाणी टिकावं म्हणून लोकवर्गणी काढून मातीचे बंधारे घालायची आमच्या खोऱ्याची जुनी रीत. मी अंगणवाडीत काम करते. पोरांची वजनं-उंच्या मोबाईलवर भरायला रेंज लागते, ती गावात नसते, म्हणून म्हसोबाच्या माळावर चढायचं. कुठल्या दगडावर उभं राहिलं की दोन काड्या येतात आणि कुठं बसलं की जातात, हे माझ्याएवढं कंपनीच्या इंजिनिअरलाही ठाऊक नसेल.

आमची मोटर नदीकाठी, रान वर टेकाला. मधे सव्वा किलोमीटरचा चढ. अडीच एकर ऊस, सगळा ८६०३२ जातीचा, आणि खाली थोडं भात. शेतीची थ्री फेज लाईट आठ तास, तीही पाळीनं, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. हे शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, सुट्टीला येतात. म्हणजे पाणी माझ्याकडं, सासूबाईंकडं आणि पाणी पाजायला येणाऱ्या आप्पांकडं.

शहरातल्या पाहुण्यांना वाटतं, मोबाईल स्टार्टर म्हणजे अंथरुणात पडून ऊस पाजायचा. तसं काही नसतं. सरीच्या पाण्याची दारं मोडायला आणि बांधायला माणूस रानात लागतोच, ते काम फोन करत नाही. फायदा वेगळाच आहे. रात्री लाईट चार-पाच वेळा जाते-येते. एकदा गेली की स्टार्टर सुटतो, आणि लाईट परत आली तरी तो आपला आपण उचलत नाही. मग टेकावरून बॅटरी घेऊन नदीला उतरायचं, हिरवं बटण दाबायचं, परत चढायचं. वर पोचेस्तोवर सरीत पाणी यायच्या आधीच पुन्हा लाईट गेलेली. एका जानेवारीत आप्पा आणि मी एका रात्रीत पाच खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला वाटेत गवा उभा होता. राधानगरीच्या जंगलातले गवे आमच्या उसात पाव्हण्यासारखे येऊन जातात, पण अंधारात दहा हातांवर त्याचे डोळे चमकले की पाव्हणचाराचं सुचत नाही. आप्पा हळूच म्हणाले, “वयनी, बॅटरी खाली करा आन् हलू नगा.” तो गेला तोवर लाईटही गेली होती. वीज आता साडेसात एचपीपर्यंत फुकट आहे, २०२४ पासून बिल शून्य येतं, मान्य. पण रात्रीची ती रात्रीचीच.

यावर गावाचा जुना इलाज म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. स्वस्त आणि मस्त, फक्त डीपीचा, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक ट्रान्सफॉर्मरचा, जीव जातो. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. आमच्या डीपीवर अकरा मोटरी. लाईट आल्या क्षणी अकराच्या अकरा एकदम उठल्या की एकतर फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच बसते, आणि ती बदलून येईपर्यंत ऊस वाळतो. वीजवाले ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणून सांगून थकले. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या दहांनी काढावा.

आता आधीच्या पेटीबद्दल, कारण तिच्यामुळंच मला ही कळली.

धाकटे दीर पुण्याला कंपनीत असतात. त्यांनी कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावरच्या शेती प्रदर्शनात एक ‘स्मार्ट कंट्रोलर’ बघितला आणि वहिनीला दिवाळीची भेट म्हणून साडेअकरा हजार घातले. पांढरीशुभ्र पेटी, काठाला निळा दिवा, दिसायला मिक्सरपेक्षा छान. ॲपमध्ये आलेख, पावसाचा अंदाज, महिन्याचा हिशेब. एवढं सगळं असून पेटीवर एकही बटण नव्हतं. मी विचारलं, “दाजी, बटण कुठाय?” ते म्हणाले, “वहिनी, बटणाची गरजच नाही, हेच तर त्याचं वैशिष्ट्य.”

पहिल्या दिवशी लॉगिन करताना ओटीपी पुण्याला गेला. खातं त्यांच्या नंबरावर होतं. ते मीटिंगमध्ये. मोटर धामणीच्या काठाला, मी म्हसोबाच्या दगडावर, आणि मोटर सुरू करायची परवानगी हिंजवडीत. दीड तासानं ओटीपी आला तो मुदत संपलेला. याचं मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

हसू आलं नाही ते पुढच्या आठवड्यात. रात्रीची पाळी होती. मी टेकावर, ॲपमध्ये हिरवा गोल, खाली ‘चालू’. आप्पा वरच्या सऱ्यांत होते, त्यांना वाटलं खालच्या वावरात पाणी फिरतंय. मला वाटलं वरच्या. दोन तासांनी दोघं बांधावर भेटलो तेव्हा पायाखाली माती कोरडी. नदीला जाऊन बघते तर मोटर थंडगार. ॲप जे दाखवत होतं ते खरंच होतं, फक्त सव्वादोन तासांपूर्वीचं. पेटीला रेंज मिळाली नाही, म्हणून तिनं शेवटचं जे कळवलं होतं तेच पडद्यावर राहिलं. हिरवा रंग तसाच, ‘चालू’ शब्द तसाच. कधीची खबर आहे हे कुठंही लिहिलेलं नाही. निदान गोल करडा व्हायला पाहिजे होता, किंवा ‘दोन तास झाले, पेटीची खबर नाही’ एवढं तरी यायला पाहिजे होतं. सासरला गेलेल्या लेकीचं पत्र दोन महिन्यांनी आलं तरी आपण वर तारीख बघतोच की. ज्यानं ते ॲप केलं त्याच्या घरी रेंज कधी गेलीच नसणार. त्यामुळं ‘माहीत नाही’ असंही एक उत्तर असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं.

आलेख सुंदर होते, हे मात्र नोंदवते.

ती पेटी परत पाठवली, पैसे अर्धेच आले, आणि मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरकरांना उद्यमनगर सांगायला नको. ऑइल इंजिनांपासून पंपापर्यंत काहीही बिघडलेलं तिथं सुधारून मिळतं, आणि न बिघडलेलं विकत मिळतं. दुकानात काउंटरच्या मागं साठीचे एक गृहस्थ, नाकावर चष्मा, हातात सोल्डरिंगची काडी. मी विचारायच्या आत त्यांनीच तीन प्रश्न विचारले: मोटर किती एचपी, रान किती लांब, आणि मोटरीपाशी उभं राहून साध्या फोनवरून बोलणं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. प्रदर्शनात हा कुणीच विचारला नव्हता.

बसवायला त्यांचा पोरगा आला. मोटरीच्या खोपीत रेंज शून्य. खोप पत्र्याची, नदीच्या घळीत. त्यानं अँटेना बाहेर काढला, खोपीच्या छपरावर ठेवला, अर्धी काडी. मग आप्पांनी जुनी दोन इंची जीआय पाइप आणली, वीस फुटी. तिच्या टोकाला अँटेना बांधून उभी केली, तशी मोटर बोलायला लागली. मी म्हटलं वायर अजून लांबव, वरच्या जांभळीला बांधू. तर म्हणाला, “नको काकी, वायर जेवढी लांब तेवढा सिग्नल वाटेतच मरतोय. उंची पायजे, लांबी नको.” पाइप अजून उभी आहे. बगळे बसतात.

सिमकार्डाचं प्रकरण वेगळंच. घरात होतं ते सिम घातलं, पेटी मुकी. ही पेटी टू-जीवर चालते, आणि आमच्या सिमच्या कंपनीचं जाळंच फोर-जीपासून सुरू होतं. मग ज्यांचं टू-जी शिल्लक आहे त्यांच्यातलं एक घेतलं, तेही कुठल्या कंपनीची रेंज नदीवर येते ते पायानं फिरून बघून. पुढचा त्रास रिचार्जचा. दर अठ्ठावीस दिवसांनी डेटासकट पॅक मारायचा. मोटर काय रील बघणार आहे? आणि एक दिवस उशीर झाला की फोन लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलणं आणि मेसेज असलेले पॅकही ठेवा, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत चालेल. तसा वर्षाचा पॅक आता मोटरीला आहे. माझा स्वतःचा अजून अठ्ठावीस दिवसांचाच.

आता मला हिच्यातलं सगळ्यात आवडलेलं. ही पेटी नुसती ‘चालू’ म्हणत नाही, करंट किती ओढतेय ते सांगते. फोन लावला की तिन्ही फेजचे व्होल्ट आणि मग अँपिअर. पहिले आठ दिवस मी ते आकडे गाण्यासारखे ऐकून सोडून देत होते. मग एकदा लक्षात आलं, पाणी पुरतं उचलत असेल तेव्हा ती साडेदहा-अकरा म्हणते. एका रात्री सहा म्हणाली. मोटर फिरत होती, पण पाणी नव्हतं, फुटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेत, पालापाचोळा अडकला होता. पंप रिकामा फिरला की भार कमी, म्हणून करंट कमी. त्या दिवसापासून सहा ऐकलं की मी आप्पांना खाली पाठवते आणि अकरा ऐकलं की चहा ठेवते. सासूबाई शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनाही हे जमलं. “अकरा म्हटली बग, पाणी हाय. झोप आता.”

नंतर दुकानात जाऊन कोरड्या मोटरीचं संरक्षण लावून घेतलं. आता पाणी सुटलं की अर्ध्या मिनिटात ती स्वतः बंद होते आणि उलटा मला फोन करते. एक फेज गेला तरी तेच. दोन फेजवर चालून मोटर जळण्याचा खर्च ज्यानं एकदा सोसलाय त्याला हे सांगायची गरज नाही. आमची जुनी मोटर २०२२ मध्ये तशीच जळाली. रिवाइंडिंगला साडेसहा हजार आणि नऊ दिवस गेले. पेटीचे पैसे माझ्या हिशेबात तिथंच फिटतात.

पण एक गोष्ट दुकानदार आधी सांगत नाही: नदीवरच्या मोनोब्लॉकला (पंप आणि मोटर एकत्र, पाण्याबाहेर बसवलेली) फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर ही पेटी शोभेची आहे. पाइपातलं पाणी उतरून गेलं की मोटर कितीही फोन करून सुरू करा, पाणी उचलणार नाही. कुणीतरी जाऊन बादलीनं पंप भरायचाच. आधी दोनेकशे रुपयांचा वायसर बदला, मग पाच हजारांची पेटी घ्या. विहिरीत पाणबुडी मोटर असेल तर हा प्रश्न नाही.

पेटीवर तीन बटणं आहेत आणि एक फिरवायचा खटका, ‘मोबाईल’ आणि ‘हात’. खटका ‘हात’ वर टाकला की पेटी मधून निघून जाते आणि जुना स्टार्टर नेहमीसारखा चालतो. मे महिन्यात वळवाच्या पहिल्या पावसात वीज पडली, आणि पेटीचं कार्ड गेलं. तेव्हा आमचा पाण्याचा एक फेरसुद्धा चुकला नाही, आठ दिवस आम्ही पूर्वीसारख्या खेपा घातल्या एवढंच. ती पांढरीशुभ्र पेटी असती तर ऊस वाळला असता.

कार्ड पिशवीत घालून मी उद्यमनगरात नेलं. त्या गृहस्थांनी ते हातात घेतलं, चष्मा वर केला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. “वळीव,” म्हणाले. मग विचारलं, “अर्थिंग केलंय?” मी म्हटलं तुमच्याच पोरानं बसवलंय. त्यांनी पोराकडं बघितलं, पोरगा पक्कड शोधायला आत गेला. वीज पडणं गॅरंटीत बसत नाही म्हणून ९०० रुपये घेतले. अर्थिंग तुमच्या माणसानं सोडलं त्याचे पैसे मी का द्यायचे, हे मी चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. दोनशे कमी केले. चार दिवसांत कार्ड दिलं, यष्टीनं पाठवलं. मग आम्हीच खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, अर्थिंगची पट्टी पुरली. उन्हाळ्यात आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओततो. त्यानंतर दोनदा वीज कडाडली, पेटीला काही झालं नाही. पोरगा माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

मुंग्यांचं सांगायचं राहिलं. वायरी जिथून आत जातात त्या भोकांतून काळ्या मुंग्या शिरल्या आणि कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे आतल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागात, चिरडून त्यांचा थर जमला. मोटर थडथडायला लागली. भोकं एमसीलनं बुजवली. शेताची पेटी करणाऱ्यानं मुंगीला गिऱ्हाईक धरून पेटी करावी. ती पहिली येते.

आता भांडण.

पेटीतली बाई मराठी बोलते, पण कुठली मराठी? पहिल्या दिवशी मी फोन स्पीकरवर टाकला. “आपला विद्युत पंप यशस्वीरीत्या कार्यान्वित झालेला आहे.” सासूबाईंचा चेहरा पडला. “कार्यान्वित म्हंजे काय गं? जळली काय?” त्यांना ‘सुरू झाली’ कळतं, ‘लाईट नाही’ कळतं, ‘पाणी सुटलं’ कळतं. ‘कार्यान्वित’ आमच्या खोऱ्यात फक्त उद्घाटनाच्या पाटीवर असतं. आणि शब्द जेवढे लांब तेवढा फोन लांब. रेंज एक काडीची असते तेव्हा ‘यशस्वीरीत्या’ म्हणेपर्यंत फोन कटतो, आणि पुढं काय झालं ते कळतच नाही. मी दुकानात सांगितलं, आधी ‘चालू’ किंवा ‘बंद’ म्हणू दे, मग काय भाषण करायचं ते कर. ते म्हणाले, आवाज कंपनीतूनच भरून येतो. सासूबाईंनी मात्र जमवून घेतलंय. फोन लावतात आणि बाई बोलायला लागली की म्हणतात, “व्हय व्हय, कळलं, मी एक दाबतो आता.” आमच्याकडं बायका असंच बोलतात, ‘मी दाबतो, मी आलो’, हे बाहेरच्यांना सांगून ठेवते.

मेसेज इंग्रजी अक्षरांत येतात. विचारलं तर कारण मिळालं, आणि ते खरं आहे: इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. शिवाय जुन्या बटणांच्या फोनवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात. ठीक आहे. पण मग नुसते आकडे पाठवा ना. आकडे सगळ्यांना वाचता येतात. आप्पांना सही येत नाही, पण गाडीचा नंबर वाचता येतो.

सगळ्यात मोठी तक्रार नंबर नोंदवण्याची. पेटी फक्त नोंदवलेल्या नंबरांचं ऐकते, ते योग्यच आहे, नाहीतर शेजारचा कुणी चेष्टेनं माझी मोटर फिरवील. एक मालक नंबर आणि बाकी पाच. नवीन नंबर घालायचा तर मालक नंबरावरून एक इंग्रजी मेसेज पाठवायचा, मोठ्या अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता. एक जागा जास्त सुटली की काम होत नाही, आणि काय चुकलं हेही ती सांगत नाही. एवढी बोलकी बाई, नेमकी तिथं गप्प. आणि बसवणारा पोरगा मालक म्हणून आपोआप ह्यांचा नंबर टाकून गेला, कारण सातबारा ह्यांच्या नावावर. हे दिवसभर भट्टीपुढं, फोन लॉकरमध्ये. रोज पाणी पाजणारी मी आणि आप्पा, मालक शिरोलीत. पहिले दोन आठवडे आप्पांचा नंबर घालण्यासाठी मी ह्यांच्या सुट्टीची वाट बघितली. मग स्वतः जाऊन मालक नंबर बदलून आणला. पोरानं विचारलं, “काकांना चालंल न्हवं?” मी म्हटलं, काकांना ऊस दिसतो, पाणी दिसत नाही.

डीपीची गंमत सांगते. या पेटीत एक सोय आहे: लाईट आल्यावर किती मिनिटं थांबून मोटर सुरू करायची ते ठरवता येतं. आमच्या डीपीवरच्या अकरा जणांपैकी सात जणांकडं आता कुठली ना कुठली मोबाईल पेटी आहे. एका रात्री देवळात बसलो आणि मिनिटं वाटून घेतली. दोन मिनिटांवर एक, चारवर दुसरा, सहावर तिसरा. पहिलं कोण यावरून जी भांडणं झाली ती ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत होत नाहीत. दोन मिनिटं उशिरा पाणी आलं तर कुणाचं काय जाणार होतं, पण नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. माझी चौदाव्या मिनिटाला आली. जुने ऑटो स्विचवाले चौघं कुणाचं ऐकत नाहीत, त्यांना पहिलं मिनिट सोडून दिलं. या उन्हाळ्यात डीपी गेली नाही. मी स्वतः मात्र रानात माणूस असेल तरच आपोआपवर ठेवते, नाहीतर पाणी शेजारच्याच्या भातात जातं आणि मग दुसरी भांडणं.

पावसाळ्यापूर्वी नदीवरची मोटर वर काढावी लागते. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना कुणी आठवण करून द्यायला नको. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ ची. आमच्याकडं वरच्या अंगालाही काठावरच्या मोटरी चिखलात गाडल्या गेल्या. पेटी मोटरीबरोबर निघायला पाहिजे. या पेटीच्या नऊ वायरी स्क्रूनं बसवलेल्या, कुठली कुठं याची खूण नाही. वायरमन काढायचे तीनशे आणि लावायचे तीनशे घेतो. यंदा मी लेकीच्या नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन बसले, वायरीला ठिपका आणि स्क्रूशेजारी त्याच रंगाचा ठिपका. लाल, गुलाबी, मोरपंखी, चमकीचा. ऑक्टोबरात अर्थातच आधी खालचा कटआउट काढला आणि मग मी आणि आप्पांनीच पेटी लावली. चमकीवाली न्यूट्रल वायर. हे काम कंपनीनं कारखान्यात चार रुपयांत केलं असतं.

टू-जी एक दिवस बंद होईल ही भीती मला आहे. थ्री-जी असंच गेलं. दुकानदाराला विचारलं, तर त्यांनी पेटी उघडून नखाएवढा चौकोनी तुकडा दाखवला, म्हणाले हा बदलला की फोर-जीवरही बोलेल. तोवर तो तुकडा केवढ्याला मिळेल ते बघू.

फोनवर नुसतं बोलून शेतीचं काम होतं याची सवय आम्हाला नवी नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर २००४ पासून आहे. फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहा चालतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. उसावर लोकरी मावा आला तेव्हा मी म्हसोबाच्या दगडावरूनच विचारलं होतं. त्यांना फोटो लागला नाही, पानाच्या कुठल्या बाजूला आहे एवढंच विचारलं.

पाचातले चार तारे देते. एक ‘कार्यान्वित’साठी कापलाय.

घ्यायला जाणार असाल तर मोटरीवरच्या पत्र्याच्या पाटीचा फोटो काढून न्या, एचपी आणि अँपिअर त्यावर असतं. नदीवर किंवा विहिरीवर कुठल्या कंपनीची रेंज आहे ते बटणांच्या फोनवर बघा, स्मार्टफोनवर नको, तो फोर-जीच्या काड्या दाखवून फसवतो. अर्थिंग बसवणाऱ्याच्या समोर उभं राहून करून घ्या. मालक नंबर जो पाणी पाजतो त्याचा टाका. आणि दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. त्या वेळात फोन करू नका, ते जेवायला घरी जातात आणि फोन दुकानातच राहतो.